त्यांना निदान बंकर तरी मिळाला

नमस्कार मंडळी,

मला खरं तर मंडळाच्या नव्या उपक्रमांवर बोलायला सांगितलंय, पण मध्यंतरी घरी एक वाद झाला आणि डोक्यातून तो जातच नाहीये, म्हणून आधी तेच बोलते. माझ्या मावसबहिणीची मुलगी सप्टेंबरमध्ये मास्टर्सला इकडे लंडनला येतेय. रूम मिळेना, जो तो एजंट यूके गॅरंटर, म्हणजे भाड्याची हमी घेणारा इथला माणूस, मागतोय. मी म्हटलं आपल्याकडे राहू दे, तर नवरा वैतागून म्हणाला, "येईल त्याची सोय करायला आपण काय सरकार आहोत का?" दोन बेडरूमचं घर, त्यात सासूबाईंचं येणं ठरलेलं, त्यामुळे त्याचंही बरोबरच होतं. शेजारी लेक शाळेच्या विंडरश डे असेंब्लीचं काहीतरी लिहीत बसली होती, ती पटकन म्हणाली, "त्यांना निदान बंकर तरी दिला सरकारने. ताईला काय देणारेत?"

आता बंकरचं सांगते, कारण आपल्यातले कितीतरी जण रोज ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, नॉर्दर्न लाइनने त्यावरून जातात. २२ जून १९४८ ला एम्पायर विंडरश बोटीची माणसं लंडनजवळ टिलबरी बंदरात उतरली (लेकीच्या शाळेतला विंडरश डे तो हाच), बहुतेक जमैका आणि कॅरिबियनमधल्या वसाहतींतली, त्यातले किती तरी महायुद्धात याच देशाच्या हवाई दलात राबलेले. वसाहतींतले हे सगळे कायद्याने ब्रिटिश प्रजा, कुणाची परवानगी काढायची गरज नव्हती. पण यांची राहायची सोय कुणी करायची यावर खात्याखात्यांत टोलवाटोलवी. कामगार खातं म्हणे आम्ही यांना बोलावलंच नव्हतं, वसाहतींचा कारभार पाहणारं कलोनियल ऑफिस म्हणे उतरल्यावर ही इथल्या नागरिकांसारखीच माणसं, आमच्याकडे वेगळी जबाबदारी कशी, घरं तर कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, आणि कौन्सिलच्या यादीत नाव लागायचं तर आधी त्या भागात काही वर्षं राहिलेलं हवं. मग जिथे कुणीच ओळखीचं नव्हतं अशा दोनशेहून जास्त जणांना शेवटी क्लॅपहॅम साउथच्या खोल शेल्टरमध्ये ठेवलं, बॉम्बहल्ल्यासाठी खणलेलं, ट्यूबच्याही खाली. जवळचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज ब्रिक्स्टनला कोल्डहार्बर लेनवर, म्हणून कामं तिथून मिळाली, खोल्या त्याच आसपास शोधल्या, आणि ब्रिक्स्टन आज कॅरिबियन लोकांची वस्ती म्हणून ओळखलं जातं ते तिथून सुरू झालं.

पुढच्या बोटींसाठी काही कायमची व्यवस्था उभी राहिली का? नाही. सोय केली तर आणखी लोक येतील, ही भीती. तुम्ही इथलेच, म्हणून खास काही नाही, आणि घर मागायला गेलात की तुम्ही इथले नाही! मग माणसांनी आपापसात पार्डनरची भिशी लावली, एका खोलीत चार-पाच जण राहून पैसे साठवले, त्यातून घरं घेतली. बार्बाडोसच्या सरकारने तर लंडन ट्रान्सपोर्टमध्ये भरती झालेल्यांना बोटीच्या तिकिटाला कर्ज दिलं. म्हणजे बस चालवायची लंडनची आणि कर्ज काढायचं बार्बाडोसकडून.

आपल्यातले साठच्या दशकात आलेले डॉक्टरकाका इथे पुढे बसलेत. खिशातले तीन पाउंड, मीटरमध्ये टाकायचा शिलिंग, हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधलं ते कॉमन किचन, या गोष्टी आपण दर दिवाळीला ऐकतो आणि ऐकायला आवडतात. पण मला आता त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते, की क्वार्टर्स होत्या. सरकारला नाइट ड्यूटीला माणूस हाताशी हवा होता तेव्हा छप्पर मिळालं. नर्सेसनाही मिळालं. १९७२ ला युगांडातून हाकललेले सुमारे २८,००० आशियाई लोक आले तेव्हा बोर्ड नेमलं, जुन्या लष्करी तळांवर कॅम्प उघडले, काही महिन्यांत. कमी होतं, थंडीने हाल झाले, सगळं खरं, पण जबाबदारी घेतली. म्हणजे मनात आलं की जमतं.

आणि औषधपाणी. विंडरशनंतर तेराच दिवसांनी, ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झालं, इथे राहणाऱ्या प्रत्येकासाठी. त्याच एनएचएसने २०१८ च्या आसपास, कित्येक दशकं इथे टॅक्स भरलेल्या एका माणसाकडे कॅन्सरच्या उपचारासाठी ५४,००० पाउंड मागितले, कारण किशोरवयात जमैकाहून आलेल्या त्याच्याकडे इथे राहण्याच्या हक्काचा कागद नव्हता. आज आपली पोरं व्हिसाच्या आधीच हेल्थ सरचार्ज भरतात, वर्षाला १,०३५ पाउंड, विद्यार्थ्यांना ७७६, आणि नोकरी लागली की टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स वेगळा. घरमालकाला व्हिसा तपासायचं काम कायद्याने लावलंय. पैसे घेताना सरकार असतं, छपराची वेळ आली की माझ्या नवऱ्याला सरकार व्हावं लागतं.

आता थोडं रागावते. आपल्या ग्रुपवर कुणी नवीन मुलाने रूम विचारली की खाली लगेच "आमच्या वेळी कुणी काही दिलं नाही" सुरू होतं. अहो, दिलं होतं, क्वार्टर्स दिल्या होत्या! आणि आपल्यातलेच काही जण बॉक्सरूममध्ये तीन-तीन पोरं ठेवून रोख भाडं घेतात, कागद नाही, पोस्टकोडचा पुरावा नाही म्हणून त्या मुलांना जीपीकडे, म्हणजे भागातल्या एनएचएसच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवायला भीती वाटते. नोंदवता येतं, मंडळी. जीपीला पत्त्याचा पुरावा न देताही नाव नोंदवता येतं, एवढं तरी सांगा त्यांना.

भाची येईल तेव्हा आमच्याकडेच राहील, ते ठरलं. मंडळाने पहिल्या महिन्यासाठी खोल्यांची यादी करावी असं सुचवलंय, चांगलंच आहे, माझं नाव घाला. पण मला एक धाकधूक आहे. आपण जेवढी छान सोय करू तेवढं कौन्सिल म्हणेल की यांचं यांचं चाललंय की. आणि ज्यांना मंडळ नाही, एजंटला लाखो रुपये मोजून केअर होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या देखभालीच्या घरात, कामाला आलेल्या, मालकाच्याच खोलीत राहणाऱ्या बायका, त्यांचं काय? मंडळाच्या नावाने या सगळ्यांच्या राहण्याबद्दल एमपीला पत्र लिहू म्हटलं तर कमिटीत कुणी म्हणालं, आपण पाहुणे, कशाला वाकड्यात शिरायचं. पत्र लिहायचं की नाही, यावर मला अजून कुणाचं स्पष्ट उत्तर मिळालेलं नाही. चहाच्या वेळी सांगा.