रंग नळीला की कुंद्याला?

(पीक संरक्षणासाठी परवाना घेतलेल्या कास्तकारांसमोर भंडारा जिल्ह्यातल्या एका गावी बंदूक दुरुस्तीच्या कारागिराने दिलेलं व्याख्यान. थोडं संपादित.)

मंडळी, हल्ली पोरं मोबाइलवर रंगीत रायफली पाहतात आणि घरची बंदूक घेऊन दुकानात येतात. कुणाला वाळवंटी रंग हवा, कुणाला पानापानांची नक्षी, कुणाला नळीवर सोनेरी वाघ. "पण टिकला पाहिजे जी" हे वर असतंच. माझं म्हणणं एवढंच, की हौस करायची तर ती कुंद्यावर, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागावर करा. लोखंडावर जे चढवाल ते राखणीसाठी चढवा. ते देखणं निघालं तर उत्तमच.

आधी ब्ल्यूइंग. नळीचा तो निळसर काळा रंग म्हणजे वरून मारलेला रंग नव्हे. तोही लोखंडाचा ऑक्साइडच आहे, पण सभ्य. तांबडा गंज पापुद्र्यानं सुटतो आणि खालचं लोखंड खात जातो, हा काळा मात्र चिकटून बसतो. थर इतका पातळ की नुसत्या त्याच्या भरवशावर गंज थांबत नाही. त्यात तेल मुरलेलं असेल तोवरच तो राखण करतो. धान निंदताना घामेजलेल्या हातानं बंदूक उचलली आणि तशीच खुंटीला टांगली, तर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे तांबडे उठतात. दसऱ्याच्या पूजेचंही तेच. ओलं कुंकू आणि झेंडूचा हार रात्रभर नळीवर राहिला की सकाळी डाग पडलेलाच. पूजा जरूर करा, संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवा.

कारखान्यात ब्ल्यूइंग होतं ते कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात, साधारण १४० अंशांना. इशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ बोअरची रायफल असेल तर बिनधास्त करा. एक नळी, जुन्या ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्ड रायफलच्या धर्तीची मजबूत बांधणी. पण मालगुजारी घरांतल्या जुन्या दुनाळ्या या कढईत कधीच टाकू देऊ नका. दोन नळ्या आणि मधली पट्टी कथलाच्या झाळणीनं जोडलेली असते, आणि तो कॉस्टिक झाळण खातो. बंदूक चकचकीत होऊन घरी येते, काही महिन्यांनी पट्टी सुटते. दुनाळीला जुनी रीतच बरी: हलका गंज चढवायचा, पाण्यात उकळायचं, तारेच्या मऊ ब्रशनं घासायचं, पुन्हा गंज चढवायचा. दिवस लागतात, मजुरीही लागते. बाटलीतलं थंड ब्ल्यूइंग ओरखडा झाकायला ठीक आहे. अख्खी नळी त्यानं रंगवली तर एका पावसाळ्यात उघडी पडते.

आता सेराकोट. खरं सांगतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही निव्वळ फॅशन वाटली होती. पण आपल्या हवेत याच्याइतका टिकणारा रंगीत थर मला दुसरा माहीत नाही. सिरॅमिक मिसळलेला पॉलिमर आहे तो. साधारण २५ मायक्रॉन जाडीचा फवारा मारायचा आणि भट्टीत १२० अंशांच्या आसपास दोन तास भाजायचा. घाम, पाणी, सॉल्व्हंट, कशालाही तो सहज दाद देत नाही. मात्र सगळी करामत फवाऱ्याच्या आधी आहे. लोखंडावर बारीक वाळूसारखा ॲल्युमिनियम ऑक्साइड मारून ते खरखरीत करावं लागतं आणि तेलाचा अंश न् अंश काढावा लागतो. गोळी भरायला मागे ओढतो त्या बोल्टच्या फटीत जुनं तेल राहिलं तर भट्टीत ते पाझरतं आणि तिथलाच रंग सुटतो. नळीच्या आत आणि गोळी बसते त्या चेंबरमध्ये रंगाचा थेंबही जाता कामा नये. फॉस्फेटचा राखाडी थर याच्याखाली असला तर सोन्याहून पिवळं. तो दिसायला रुक्ष, पण तेल धरून ठेवतो आणि वरच्या रंगाला पकड देतो.

पाण्यावर फिल्म पसरून उमटवतात त्या पानाफुलांच्या नक्षीबद्दल फार बोलत नाही. नक्षीवरचं पारदर्शक वार्निश टिकेल तेवढीच नक्षी टिकते.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. पॉलिश करणारा उत्साहात नंबर घासून टाकतो. शस्त्र कायदा १९५९, कलम ८. बंदुकीवरचं नाव, नंबर, खूण खोडणं किंवा बदलणं गुन्हा आहे, आणि अशी बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानंच ते केलं असं कायदा गृहीत धरतो. नाही केलं हे सिद्ध करणं तुमच्याकडे. म्हणून काम परवानाधारक दुकानातच द्या, आणि नंबराच्या जागेला घासणी लागणार नाही हे आधी बोलून घ्या.

आता कुंदा. इथं हौसेला जागा आहे. अक्रोडाचा असो की शिसवाचा, जुनं वार्निश काढा, ओल्या फडक्यानं पुसा म्हणजे लाकडाचे रोम उभे राहतील, वाळल्यावर बारीक कागदानं घासा. मग आपलं जवसाचं तेल. कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं, म्हणून रंगाच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' घ्या. अगदी पातळ हात, तळव्यानं चोळून, पूर्ण वाळल्यावर दुसरा. लाकडाच्या रेषा अशा उठून दिसतात की वाघ काढायची गरज उरत नाही. पॉलियुरेथेनचं वार्निश पाण्याला जास्त दाद देत नाही हे खरं, पण ओरखडा पडला तर सगळं खरवडावं लागतं. तेलाचा कुंदा जिथं दुखला तिथंच बरा करता येतो.

लोक बाहेरून चोळतात आणि आतली बाजू कोरडी सोडतात. नळी बसते ती खाच आणि मागच्या रबराखालचं उघडं लाकूड, पाणी पितं ते तिथूनच. श्रावणात लाकूड फुगतं, नळीला एका बाजूनं टेकतं आणि उन्हाळ्यात नीट बसणारी गोळी बाजूला जाते. दोष दुर्बिणीला मिळतो. आणि हो, जवसाचं तेल बोल्टला लावू नका, ते वाळून डिंक होतं. तेल लावलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि आपल्या मे महिन्यात तो बोळा काडी न लावता पेटू शकतो. पाण्यात भिजवा नाहीतर उघड्यावर पसरा.

निवडणूक लागली की बहुतेकांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. माझ्या अनुभवानं सगळ्यात जास्त गंज तिथंच चढतो. त्यात ठाणेदारसाहेबांचा दोष नाही, आपण बंदूक फोमच्या गवसणीत घालून देतो आणि फोम ओल धरतो. जमा करताना नळीला घट्ट तेल लावा, तेलकट सुती कापडात गुंडाळा.

(एका श्रोत्याचा प्रश्न: मुलाच्या नेमबाजीच्या एअर रायफलचा कुंदा ॲल्युमिनियमचा आहे, तो लाल करता येईल का?)

येईल. त्याला ॲनोडायझिंग करा, म्हणजे टाकीत वीज सोडून धातूवर ऑक्साइडचा थर चढवायचा आणि त्यात रंग मुरवायचा. ते ॲल्युमिनियमवर चालतं, लोखंडावर नाही. फक्त लाल रंग उन्हानं हळूहळू उडतो, काळा त्या मानानं टिकतो. आणि गालाच्या टेकूला ॲनोडायझिंग नको. तो आधी काढून ठेवा, नाहीतर त्याचं रबर टाकीत खराब होईल.