आधी शिक्षक, मग वादक

ट्रॉम्बोन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पोलीस बँड उभा राहिला असेल, आणि त्यात काही चूक नाही. बँडच्या पहिल्या रांगेत जे लांब पितळी नळी पुढे-मागे सरकवतात, तेच ट्रॉम्बोनवाले. पहिल्या रांगेत अशासाठी, की नळी सरकवायला समोर मोकळी जागा लागते, नाहीतर पुढच्याच्या टोपीची खैर नाही. या वाद्याला पडदे नाहीत. नळीच्या सात जागा, बाकी सगळं ओठांवर. मींड, म्हणजे सूर न तोडता घसरत नेणं, त्याला जन्मतःच मिळालेली आहे. कठीण असतं ते मींड न घेता सुटे सूर जलद काढणं. ते ज्यांनी करून दाखवलं ते जाझवादक जे. जे. जॉन्सन अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे. त्यांच्याच गावातले, त्यांच्याच शाळेत शिकलेले जाझवादक आणि शिक्षक डेव्हिड बेकर हा माझा आजचा विषय.

पत्रिकेत छापलंय की मी बेकर यांची 'बीबॉप स्केल', म्हणजे बीबॉप या जलद जाझशैलीतली सुरांची रांग, समजावून सांगणार आहे. सांगणारच आहे. त्याआधी एक बोलायचं आहे, आणि ते बरीच वर्षं मनात आहे.

एका संस्थेच्या कार्यक्रमात निवेदकानं माझी ओळख करून दिली: "हे पूर्वी फार छान वाजवायचे. आता शिकवतात." माणूस सज्जन होता, वाईट हेतूनं बोलला नव्हता. पण तो 'आता' घरी येईपर्यंत माझ्या कानातून गेला नाही. आपण 'गवई' म्हणतो तेव्हा आवाज वर जातो आणि 'गाण्याचे मास्तर' म्हणतो तेव्हा खाली येतो. मुलाचं नाव घालायला आलेले पालकही विचारतात, सर, तुमचे कार्यक्रम होत नाहीत का? होतात. पण तुमचा मुलगा गमक घ्यायला ज्या दिवशी शिकेल, तो दिवस मला कार्यक्रमाइतकाच मोठा असतो, हे त्यांना कसं पटवायचं? गळ्यातलं काही उरलं नाही म्हणून माणूस शिकवायला बसतो, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की शिक्षकांनाही ती खरी वाटू लागली आहे.

बेकर यांची गोष्टही नेमकी याच साच्यात सांगितली जाते. ती अशी: १९५३ मध्ये मोटारीचा भीषण अपघात झाला, जबडा निखळला, तो तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही. तशाच जबड्यावर ते कित्येक वर्षं वाजवत राहिले. तुमच्यात सनई वाजवणारं कुणी असेल तर त्याला सांगायला नको, दात नि जबडा हलला की फुंकर हलते आणि फुंकर हलली की सूर जातो. १९६२ मध्ये 'डाउनबीट' मासिकाच्या समीक्षकांनी त्यांना ट्रॉम्बोनमधला नवा तारा ठरवलं. साधारण त्याच सुमाराला त्यांना ट्रॉम्बोन खाली ठेवावा लागला. मग तिशीत त्यांनी सेलो हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य हातात घेतलं आणि पुढे ते शिक्षक झाले.

गोष्ट हृद्य आहे, पण शेवटचं वाक्य चुकीचं आहे. तारखा बघा. इंडियाना विद्यापीठातून त्यांनी १९५३ मध्ये पदवी आणि १९५४ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली, तीही संगीत-शिक्षणात. म्हणजे शिकवायचं शिक्षण हा माणूस ट्रॉम्बोन सुटण्याच्या आठ-नऊ वर्षं आधी घेऊन बसला होता. १९५५ मध्ये तर ते मिसुरीतल्या लिंकन विद्यापीठात शिकवत होते. ती नोकरी का गेली? ऑपेरा गाणाऱ्या एका गोऱ्या तरुणीशी लग्न केलं म्हणून. मिसुरीत कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या लग्नाला तेव्हा कायद्यानं बंदी होती. जबड्यानं त्यांना वर्गात आणलं असं सगळे सांगतात, आणि ते वर्गात आधीपासून होते, कायद्यानं त्यांना तिथून बाहेर काढलं होतं, हे कुणी सांगत नाही.

ते शिकले ती शाळाही लक्षात ठेवण्यासारखी. क्रिस्पस अ‍ॅटक्स हायस्कूल, १९२७ मध्ये फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी उघडलेलं. हेतू वेगळं ठेवण्याचा होता. पण उच्च पदव्या घेतलेल्या कृष्णवर्णीय विद्वानांना बाहेरच्या विद्यापीठांत जागा मिळत नव्हती, म्हणून ते या शाळेत शिकवायला आले. ज्या मुलांना सगळ्यात कमी द्यायचं ठरलं होतं, त्यांना गावातले उत्तम शिक्षक मिळाले.

आपल्या जवळचं सांगतो. सी. रामचंद्रांचे साहाय्यक चिक चॉकलेट, गोव्याचे ट्रम्पेटवादक, तुम्हाला माहीत आहेत. मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवणारे आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसणारे किती गोमंतकीय वादक तुम्ही ऐकलेत! त्यातल्या कितीतरी जणांना कागदावरचे सूर वाचायला शिकवले गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधल्या संगीतमास्तरांनी. त्या मास्तरांची नावं कुठल्या तबकडीवर आहेत?

वाजू द्या, वाजू द्या, फोन बंद करू नका. बेकर असते तर खूश झाले असते. २००६ मध्ये त्यांनी मोबाइल फोन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी एक रचना केली. शिकागो सिम्फोनिएटानं ती सादर केली आणि श्रोत्यांना सांगितलं, फोन काढा नि वाजवा. पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसाला हे सुचतं, मला याचं फार कौतुक वाटतं.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली म्हणून. मग भरभर सांगतो.

१९५९ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स इथल्या जाझ शाळेत विद्यार्थी म्हणून गेले, सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनही त्याच वर्षी तिथे विद्यार्थी होते. तिथले शिक्षक जॉर्ज रसेल. त्यांच्या संचात बेकर ट्रॉम्बोन वाजवू लागले, क्विन्सी जोन्स यांच्या बिग बँडबरोबर युरोपातही वाजवून आले. १९६६ मध्ये इंडियाना विद्यापीठानं त्यांना बोलावलं. त्यांच्या विद्यार्थिदशेत याच विद्यापीठाच्या सरावाच्या खोल्यांत जाझ वाजवायला मनाई होती. १९६८ मध्ये तिथे जाझची पदवी सुरू झाली आणि २०१३ पर्यंत तो विभाग त्यांनी सांभाळला. ड्रमवादक पीटर अर्स्काइन, बेसवादक जॉन क्लेटन, ट्रम्पेटवादक क्रिस बोटी हे त्यांचे विद्यार्थी. सत्तरच्या वर पुस्तकं. २०१६ मध्ये ते गेले.

आता स्केल. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी या बीबॉपच्या वादकांचं वादन तबकड्यांवरून सूर-सूर उतरवताना दिसणारी एक सवय बेकर यांनी पकडली, तिला नाव दिलं आणि वर्गात शिकवता येईल अशी केली. आपल्या भाषेत सांगतो. कोमल निषादाचं सप्तक घ्या आणि वरून उतरा, एका मात्रेत दोन सूर. सां-कोमल नि, ध-प, म-ग, रे-सा. प्रत्येक मात्रेच्या सुरुवातीला कोण आलं? सां, ध, म, रे. पण सोबतीला जो कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, चालू आहे, त्याचे सूर सा, ग, प आणि कोमल नि. म्हणजे षड्ज सोडला तर घरची माणसं मात्रेच्या मधोमध आणि पाहुणे दारात. आता वर एक शुद्ध निषाद वाढवा. सां-शुद्ध नि, कोमल नि-ध, प-म, ग-रे, आणि पुन्हा सा. मात्रेवर आता कोण? सां, कोमल नि, प, ग. सगळे घरचे!

खमाज रागात आपण चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल निषाद घेतो. इथे दोघं हातात हात घालून उतरतात. एका जास्तीच्या सुरानं सात सुरांचा हिशेब आठावर येतो आणि कितीही जलद वाजवलं तरी कॉर्ड मोडत नाही. पार्कर यांच्या बोटांना हे वाजवता वाजवता सापडलं होतं. इंडियानाच्या खेड्यातून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला ते एका दुपारी कळेल असं मांडलं बेकर यांनी.

दोन मिनिटं आहेत ना अजून? मग बोलण्यापेक्षा म्हणूनच बघू. उजव्या हातानं मांडीवर मात्रा धरा, सावकाश. एका टाळीत दोन सूर. दोन निषादांमध्ये घाई करू नका, तिथेच सगळे अडखळतात. मी सूर देतो. हं, वरच्या सापासून.