खर्च कोणाच्या खाती?

श्रोतेहो, नमस्कार.

मोबाईलवर फिरणारा एक संदेश तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल. इंग्रजांनी हिंदुस्थानातून ४५ ट्रिलियन डॉलर नेले, असं त्यात लिहिलेलं असतं. आकडा अर्थतज्ज्ञ उत्सा पटनाईक यांचा आहे, १७६५ ते १९३८ या काळाचा. पण संदेशात एक गोष्ट गाळलेली असते. नेलेल्या रकमेवर दरसाल पाच टक्के चक्रवाढ व्याज धरलं, तेव्हा हा आकडा आला. इतक्या वर्षांचं चक्रवाढ व्याज कुठल्याही रकमेचा डोंगर करतं. म्हणून किती नेलं यावर मी आज बोलणार नाही. श्रीमंत देशांची श्रीमंती दुसऱ्यांच्या जिवावर झाली का, हे तपासायचं तर मी आधी खर्चाचं पान उघडते. फायदा कोणाचा आणि खर्च कोणाच्या खाती?

हे पान आपल्याकडे फार लवकर उघडलं गेलं. १८४१ साली भास्कर पांडुरंग तर्खडकर या मुंबईच्या तरुणाने ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या सहीने पत्रं लिहून इंग्रजांना जाब विचारला होता. पुढे १८६७ मध्ये दादाभाई नौरोजींनी थेट लंडनमध्ये उभं राहून सांगितलं, की हिंदुस्थानात गोळा होणाऱ्या महसुलाचा जवळजवळ चौथा हिस्सा देशाबाहेर जातो. निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शनं, कर्जावरचं व्याज, लंडनच्या कचेरीचा खर्च, सगळं आपल्या तिजोरीतून. १८५७ चा उठाव मोडायला जो पैसा लागला, तोही आपल्याच नावावर लिहिला गेला. त्याच १८६७ साली तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला. त्याच्या स्वागतासाठी इंडिया ऑफिसात, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या कचेरीत, नाचाची मेजवानी झाली आणि तिचं बिल हिंदुस्थानच्या रयतेने भरलं. हे वाचताना मला आजही संताप येतो.

आता रेल्वेचं घ्या. ‘इंग्रजांनी रेल्वे तर दिली’ असं आपण सहज म्हणतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण ती रेल्वे उभी कशी राहिली? ग्रेट इंडियन पेनिन्सुला या कंपनीचे भागधारक मुख्यतः इंग्लंडमधले. त्यांच्याशी करार असा, की भांडवलावर पाच टक्के व्याज नक्की मिळेल. गाडीने कमावलं नाही, तर तूट सरकारी तिजोरी भरून देईल. तिजोरी म्हणजे शेतसारा आणि मिठावरचा कर. जमीन फुकट. इंजिनं आणि रूळ विलायतेहून. बोरघाट फोडताना जे हजारो मजूर पटकीने आणि अपघातांनी गेले, ते इथले. धंद्यात धोका पत्करणाऱ्याला नफा मिळावा, हे मला मान्य आहे. इथे धोका जुन्नरच्या कुणब्याचा होता आणि नफा लंडनचा. भारत सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनीच १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली, की व्याजाची हमी मिळाल्यावर आपला पैसा हुगळीत फेकला जातो की त्याच्या विटा होतात, याची इंग्रज भांडवलदाराला काही पडलेली नव्हती.

आणि ही गाडी कुठे गेली? वऱ्हाडात. निजामाकडून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, ते कापसासाठी मोलाचं होतं. लँकेशायरच्या गिरण्यांना तोवर बहुतेक कापूस अमेरिकेतून येई, गुलामांच्या हातांनी वेचलेला. १८६१ मध्ये तिथे यादवी पेटली आणि पुरवठा तुटला. मग खामगावच्या बाजारात रुईला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला, शेतकऱ्यांनी बैल घेतले, लग्नं थाटात केली. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले. कर्ज मात्र तसंच राहिलं आणि साराही. खामगावला रेल्वेचा फाटा आला तो १८७०ला. गठाणी बंदराकडे जात राहिल्या आणि १८९९-१९००च्या दुष्काळात त्याच वऱ्हाडात माणसं अन्नान्न करून मेली. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात. ती कुऱ्हाड कोणाच्या पायावर पडली, हे त्या गावांना ठाऊक आहे.

मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या, तर १८९६ मध्ये त्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला. कारण मँचेस्टरच्या कापडावर तेवढा आयात कर होता आणि तिथल्या मालकांना ते खपत नव्हतं. हा कर जवळजवळ ३० वर्षं राहिला.

मग इंग्लंडची सगळी श्रीमंती लुटीचीच का? तसं मी म्हणणार नाही. कोळसा त्यांच्या जमिनीत होता, यंत्रं त्यांच्या कारागिरांनी घडवली. नुसत्या लुटीने देश श्रीमंत होत असता, तर पोर्तुगाल आज सगळ्यांच्या पुढे असता. गोव्यावर त्यांनी ४५१ वर्षं राज्य केलं, ब्राझीलचं सोनं नेलं, अंगोलातली माणसं विकली. तरी १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा पोर्तुगाल पश्चिम युरोपातल्या सर्वांत गरीब देशांत मोडत होता. उलट दक्षिण कोरिया १९४५ पर्यंत जपानच्या टाचेखाली होता आणि आज श्रीमंत आहे. लुटीने श्रीमंती टिकत नाही. पण ज्याच्या हाती करार लिहिण्याची सत्ता होती, त्याच्या चुकांची किंमत दुसऱ्याने मोजली. चुका करून उभं राहायला त्यांना उसंत मिळाली, आपल्याला मिळाली नाही.

हेच पान उलटलं की मात्र आपलं शहर समोर येतं. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. चीनच्या सरकारने तिला बंदी केली, तर इंग्रजांनी १८३९ मध्ये युद्ध पुकारलं. त्या व्यापारात मुंबईचे आपले व्यापारी अग्रभागी होते. जमशेटजी जीजीभाईंची संपत्ती कापसाची, तशीच अफूचीही. त्यातून त्यांनी अपार दानधर्म केला. माहीम आणि वांद्र्याच्या मधली खाडी ओलांडताना होड्या उलटायच्या. त्यांच्या पत्नी आवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ मध्ये तिथे रस्ता झाला. अट एकच, कोणाकडून टोल घ्यायचा नाही.

माझं लहानपण माहीमचं. त्या रस्त्याने मी शाळेला गेले, आणि माझा जन्म जे. जे. रुग्णालयातला. तेही जमशेटजींच्याच देणगीतून उभं राहिलेलं. चीनमधल्या कँटन बंदरातल्या ज्या घरातला कर्ता पुरुष अफूच्या नळीपाशी आडवा पडून राहिला, त्या घराच्या नावे माझ्या वहीत काहीतरी देणं निघतं. ते किती, हे मी अजून मांडते आहे.

नमस्कार.