चौथा कोपरा

(दृश्य: काचेवर चिकटवलेला क्यूआर कोड. उजवीकडचा खालचा कोपरा फाटलेला. मोबाइल तिरका पुढे येतो.)

कागद फाटलाय, मोबाइल वाकडा धरलाय, वर काचेची चमक. तरी टिंग वाजलंच.

(कोड पडदाभर.)

आता जवळून बघा. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन आहेत, चौथ्यात नाही. फाटला तो नेमका चौथा. दुसरा एखादा फाटला असता तर बहुधा काम अडलं असतं. या चौकोनाच्या मधून कशीही रेघ मारा: काळं, पांढरं, काळं, पांढरं, काळं. प्रमाण १:१:३:१:१. कॅमेरा आधी हेच हुडकतो आणि कोड उलटा आहे की तिरका ते ताडतो.

हे प्रमाण काही सहज सुचलेलं नाही. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने जाहिरातींची पत्रकं, मासिकं, पुठ्ठ्याची खोकी पालथी घातली. छापील मजकुरात सहसा न आढळणारं प्रमाण त्यांना हवं होतं. साल १९९४. काम होतं गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्याचं. पैशाचं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. पेटंट घेतलं, पण कंपनीने ते कुणाच्या आड येऊ दिलं नाही. म्हणूनच आज हा कोड कुणीही छापू शकतो. एवढी मोठी गोष्ट, आणि तिची आठवण कुणी काढत नाही!

(फाटका कोपरा पुन्हा.)

मग फाटलेल्या भागातली माहिती? ती उरलेल्या ठिपक्यांतून गणिताने भरून काढली जाते. छापताना तशी जादा माहिती घातलेलीच असते. सर्वांत भक्कम प्रकारात जवळजवळ ३० टक्के माहिती गेली तरी चालतं.

(मोबाइलचा पडदा. नाव उमटतं. बोट पिन टाकतं.)

कागदावर पैसे नाहीत. असतो तो घेणाऱ्याचा पत्ता, कधी सोबत रक्कम. बाकीचा व्यवहार इंटरनेटवरून खात्याखात्यांत होतो.

कोड कुणाचा, हे मात्र कॅमेऱ्याला कळत नाही. वरून दुसराच चिकटवला, तर तोही तितक्याच इमानाने वाचला जातो. पिन टाकण्याआधी पडद्यावरचं नाव वाचा.

(नखाने वरचा कागद सोलला जातो. खाली दुसरा कोड. निवेदन नाही.)