थेरपी पोराची झाली, आईबाबांच्या टेन्शनचं काय?

पालक माझ्याकडे येतात तेव्हा आई हमखास विचारते, मॅडम, माझ्यामुळेच झालं का हो हे, मी सारखी टेन्शन घेते म्हणून पोरगं असं घाबरट झालं का, आणि बरोबर आलेले सगळे तिच्याकडेच बघत असतात. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून आज सुरुवात तिथूनच करते.

अँक्झायटी, म्हणजे सततची चिंता-भीती, घरात एकाकडून दुसऱ्याकडे जाते, खरंय. पण ती फक्त आईबापांकडून मुलाकडे जाते, हे आधी डोक्यातून काढून टाका. 2009 मध्ये वेंडी सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत 119 मुलांवर केलेला अभ्यास आला. मुलांना सीबीटी दिली, म्हणजे भीतीचे विचार तपासायचे आणि जे टाळतो त्याला थोडं थोडं सामोरं जायचं. मुलांची भीती कमी झाली तसा त्याचा परिणाम पालकांच्या अँक्झायटीवरही दिसला. म्हणजे पोरगं सावरलं की आईबाबाही सावरतात.

आता उलटी बाजू बघा, ती जास्त महत्त्वाची आहे. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियात व्हेनेसा कोबम यांच्या टीमने 67 मुलांचा अभ्यास केला. ज्यांच्या आईबाबांना स्वतःला फारशी अँक्झायटी नव्हती, त्यातली 82 टक्के मुलं नुसत्या सीबीटीने बरी झाली. पण पालक स्वतः चिंतेने ग्रासलेले असतील तर हाच आकडा 39 टक्क्यांवर आला! आणि त्याच पालकांना स्वतःची चिंता सांभाळायला शिकवलं तेव्हा 77 टक्के. मला विचाराल तर हे आकडे प्रत्येक क्लिनिकच्या भिंतीवर लावायला हवेत, कारण आपल्याकडे पोराला आत सोडायचं आणि आपण बाहेर मोबाईल बघत बसायचं, अशीच पद्धत पडलीये.

थेरपी संपल्यावर घरात काय होतं सांगते. पोरगा पहिल्यांदा एकटा क्लासला जातो, छान पोचतो, तेवढ्यात आईचा फोन, "पोचलास ना रे? भीती नाही ना वाटली? पोटात दुखत नाहीये ना?" आता त्याच्या पोटात काहीही होत नव्हतं, पण विचारल्यावर तो पोटाकडे लक्ष देतो आणि दुखायला लागतं, मग आई म्हणते राहू दे, ये घरी. दोघांनाही त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि दोघांची भीती तिथेच पक्की होते. यात प्रेम कमी आहे का? अजिबात नाही, उलट प्रेमापोटीच होतं सगळं.

येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी नेमकं हेच धरून स्पेस नावाची पद्धत तयार केली. त्यात फक्त आईबाबा येतात, मुलाला एकही सेशन नाही. शिकवतात काय, तर "भीती वाटतेय हे कळतंय मला, पण तुला जमेल" असं म्हणायचं आणि त्याच्यासाठी जे जास्तीचं करतो ते हळूहळू कमी करायचं. 124 मुलांच्या अभ्यासात ही पद्धत सीबीटीच्या तोडीची ठरली, तो 2020 मध्ये छापून आला.

म्हणून फोन करायचाच असेल तर "पोचलास का" एवढंच विचारा आणि ठेवा. बाबांनीही "काय तू बायकांसारखा घाबरतोस" हे बंद करा प्लीज, त्याने पोरगं सांगायचं थांबतं, घाबरायचं थांबत नाही. आणि पोराचे सेशन संपले तरी तुमची छाती धडधडत असेल, रात्री झोप लागत नसेल, तर पुढची अपॉइंटमेंट तुमच्या नावाने घ्या, किंवा सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.