वारुळाचा पत्ता

(दृश्य: ठाणे स्टेशनबाहेरचा रस्ता. सकाळ. पावसाची भुरभुर. निळ्या प्लास्टिकखाली बसलेल्या बायका.)

आषाढातली सकाळ. कसाऱ्याहून आलेली लोकल ठाण्याला थांबते आणि मालडब्यातून माणसांआधी टोपल्या उतरतात. टाकळा, कुर्डू, कर्टोली, भारंगी. बघता बघता रस्त्याच्या कडेला वाटे मांडून होतात. आपण ज्यासाठी आलो आहोत ती गोष्ट मात्र कुठेच मांडलेली दिसत नाही. ती टोपलीच्या तळाशी पळसाच्या पानाखाली झाकलेली असते. विचारावं लागतं.

"मावशी, अळंबी आहे?"

मावशी आधी आपल्याकडे बघतात, मग पान उचलतात. आत मातीने माखलेल्या, बोटाएवढ्या कळ्या. काहींच्या छत्र्या नुकत्या उघडू लागलेल्या.

"कुठून आणली?"

"रानातून."

"कुठल्या रानातून?"

"तिकडल्या."

याहून जास्त माहिती मिळत नाही. आमच्या कॅमेऱ्यालाही मिळाली नाही.

(दृश्य: वारूळ. ओली लाल माती. मातीतून वर येणारी कळी.)

अळंबीचा पत्ता म्हणजे वारुळाचा पत्ता. या जातीच्या अळंब्या उगवतात त्या वाळवीच्या वारुळावरच. आपण दाराच्या चौकटी पोखरणारी म्हणून वाळवीला शिव्या घालतो, पण वाळवीच्या काही जाती चक्क शेती करतात. कामकरी वाळव्या सुका पाला आणि लाकूड खाऊन येतात आणि त्यांच्या विष्ठेचे, स्पंजासारखे सच्छिद्र गड्डे वारुळाच्या पोटात रचतात. या गड्ड्यांवर एक बुरशी वाढते. लाकडातला जो भाग वाळवीला एकटीला पचत नाही तो ही बुरशी मोडून देते, आणि मग वाळवी बुरशीसकट तो गड्डा खाते. शेत, खत आणि कोठार एकाच ठिकाणी! माणसाच्या शेतीला दहा-बारा हजार वर्षं झाली. वाळवीची ही शेती सुमारे ३ कोटी वर्षांपासून चालू आहे.

पाऊस मुरला, जमीन गार झाली, की ही बुरशी वारुळाच्या पोटातून वर मुसंडी मारते. तळातल्या गड्ड्यापासून मातीबाहेर येईपर्यंत तिचा देठ मुळासारखा लांबत जातो. कधी कधी हातभर. म्हणून जाणती बाई अळंबी उपटत नाही. काठीने बाजूची माती सैल करते आणि देठ अलगद ओढून घेते. वारूळ फोडायचं नाही, हा नियम. आत बुरशीची बाग शाबूत राहिली तर पुढच्या पावसाळ्यात अळंबी पुन्हा तिथेच येणार. पत्ता लपवण्याचं कारण इथे आहे.

फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली या अळंब्यांच्या गटाला नाव दिलं, टर्मिटोमायसीस, म्हणजे वाळवीची बुरशी. गोव्यात तिला रोयण अळमी म्हणतात, आणि रोयण म्हणजे वारूळच. गोवेकरांना लॅटिनची गरज पडली नव्हती.

(दृश्य: मॉलमधल्या फ्रिजमध्ये मशरूमची पाकिटं.)

बटण मशरूम आणि धिंगरी (ऑयस्टर मशरूम) बारा महिने मिळतात, कारण ती भुश्श्यावर, खतावर, खोलीत वाढवता येतात. वारुळावरच्या अळंबीची अशी व्यापारी शेती अजून कुणाला साधलेली नाही. वाळवीशिवाय ती वाढायला तयार नाही.

हल्ली ठाण्यातही कुणी ना कुणी विचारतं, आपल्याकडे गुच्छी सापडते का हो? नाही सापडत. गुच्छी ही अळंबी हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडची. वसंतात बर्फ वितळलं की डोंगरातल्या रानांत ती निघते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी टोपी, सुकवली की किलोला हजारो रुपये. चीनमध्ये आता तिची शेतीही होते. पण हिमालयातल्या डोंगरात गुच्छी शोधणाऱ्याला ठिकाण विचारून बघा. उत्तर मावशींसारखंच मिळेल.

(दृश्य: घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचं लॉन. पावसानंतर उगवलेल्या पांढऱ्या छत्र्या.)

आता जरा थांबून बोलावं लागेल असा भाग. पाऊस पडला की सोसायटीच्या लॉनवर मोठ्या पांढऱ्या छत्र्या उगवतात. वर तपकिरी खवले, आणि जुन्या झाल्या की खालचे पापुद्रे हिरवट. दिसायला देखण्या. खाल्ल्या तर दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब. काही विषारी जाती याहून वाईट असतात. त्रास सहा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतो, मध्ये एकदा बरं वाटतं, आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेलं असतं.

भांड्यात चांदीचा चमचा टाकायचा, काळा पडला तर विषारी. लसूण टाकायची, रंग बदलला तर विषारी. आजीच्या तोंडून ऐकलेल्या या दोन्ही कसोट्या साफ खोट्या आहेत, आजीची माफी मागून सांगतो. किड्यांनी खाल्लेली अळंबी माणसालाही चालते, हाही भ्रमच. फोटो काढून ॲपला विचारू नका. ओळखणाऱ्याने हातात घेऊन ओळखलेलीच अळंबी खावी. आणि येऊरच्या जंगलात टोपली घेऊन जायचा बेत असेल तर तोही रद्द करा. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून काहीही उचलून आणायला कायद्याने मनाई आहे.

(दृश्य: स्वयंपाकघर. परातीत पाणी. गढूळ, मग कमी गढूळ.)

घरी आणल्यावर खरं काम सुरू होतं. अळंबीची माती एका पाण्यात जात नाही, चार-पाच पाणी लागतात. देठाची साल बोटांनी सोलायची. कळी असेल तर उत्तम. पूर्ण उघडलेल्या छत्रीत अळ्या शिरलेल्या असू शकतात, पापुद्रे उलटून बघायचे. आणि ज्या दिवशी आणली त्याच दिवशी शिजवायची.

कांदा भरपूर, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, घरचा मसाला, शेवटी दोन आमसुलं. पाणी घालायचं नाही, अळंबी स्वतःच सोडते. चव मटणाच्या जवळ जाते. त्यामुळे श्रावण पाळणारी घरं तिची वाट बघतात, आणि काही घरांत नेमक्या त्याच कारणाने श्रावणात ती चालत नाही. आमच्या घरी हा वाद दरवर्षी होतो आणि दरवर्षी भाजी संपते.

(दृश्य: पुन्हा स्टेशनबाहेर. ऊन आणि पाऊस एकदम.)

नऊ वाजायच्या आत मावशींची अळंबी संपलेली असते. टाकळ्याच्या चार जुड्या उरल्यात, त्या शेजारणीकडे सरकवून त्या उठतात.

"उद्या येणार का अळंबी?"

"पाऊस सांगंल," म्हणतात, आणि टोपलीच्या तळातली ओली माती रस्त्यावर न झटकता फडक्यात बांधून घेतात.

ती कशाला, ते आम्ही विचारलं. त्या नुसत्या हसल्या आणि जिन्याकडे वळल्या.