पावतीवर नाव नको

नमस्कार श्रोतेहो.

गणपतीची वर्गणी मागतच मी मोठा झालो. पावतीपुस्तक घेऊन जिने चढायची लाज मला कधी वाटली नाही. गेल्या महिन्यात मात्र वाटली.

आमच्या सायकल गटाने एचआयव्ही असलेल्यांसाठी निधीफेरी काढायची ठरवली. सारसबागेवरून सिंहगड रोडने खडकवासला, पुढे डोणजे आणि परत. ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे काही रुपये कबूल करून घ्यायचे. चढाची धास्ती होती ती सायकलवरची. प्रत्यक्षात दम लागला आमच्याच सोसायटीच्या जिन्यात.

"कशासाठी रे?" असं विचारलं की माझाच आवाज खाली जायचा. "त्या... आजारासाठी."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पाचशे रुपये दिले आणि म्हणाले, "पावतीवर नाव नको. हितचिंतक लिही." मंडळाच्या फळ्यावर आपलं नाव एक ओळ खाली गेलं म्हणून भांडलेला हा माणूस!

चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी मुद्द्याचं विचारलं. "औषधं सरकारी दवाखान्यात फुकट असतात ना?" असतात, २००४ पासून. पण भोरकडच्या माणसाला ती घ्यायला एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांच्या केंद्रावर, यायचं तर एस.टी.चं भाडं, बुडालेली मजुरी, आणि घरी मारायची थाप. आमचा निधी त्या भाड्यासाठीच. आणखी एक सांगितलं. गोळ्या न चुकता घेतल्या आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तो तसाच राहिला, तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." आणि भोसरीत एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९९२ पासून आहे!

फेरीबद्दल फार सांगत नाही. वारा समोरून होता, एक पंक्चर झालं. खडकवासल्याला भजी खाताना एका नव्या पोराने हळूच विचारलं, "आपल्यात कुणी पॉझिटिव्ह आहे का?"

गटातल्या ताई म्हणाल्या, "असेल. सांगायची सक्ती करता येत नाही, २०१७ चा कायदा आहे तसा. भजी गार होतायत."

पोराने प्लेट पुढे सरकवली. सगळ्यांनी त्यातूनच खाल्लं.

पुस्तकात अजून सतरा पावत्या कोऱ्या आहेत. रविवारी पुन्हा तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात करणार आहे, या वेळी आवाज खाली न आणता.